काजळी, हळद आणि मोरपंखी गाडी

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

सकाळी साडेनऊला बॉनेटवर तिरकं ऊन पडलं आणि आज पहिल्यांदा नीट दिसलं. उन्हाच्या ठिपक्याभोवती कोळ्यानं जाळं विणावं तसे बारीक गोल ओरखडे, पुढच्या चाकापासून थेट छपरापर्यंत. सावलीत गाडी चकाचक दिसते. उन्हात गेली की रंगावर दुधाचा हात फिरल्यासारखी वाटते.

गाडी नेक्सॉन इव्ही मॅक्स, २०२२ ची, मोरपंखी रंगाची. अजून तीन वर्षांचीही नाही. मागच्या वर्षी एका दरवाज्याला टमटम घासली तेवढं सोडलं तर कुठे घासली नाही, ठोकली नाही. मग हे आलं कुठून? कारण मला माहीत आहे, लिहायला जड जातंय एवढंच. अप्पा, माझे सासरे, रोज पहाटे सहाला उठतात, देवपूजेआधी गाडीवरून कोरडा फडका मारतात. जुन्या धोतराचा, मऊ सुती फडका. आधीची व्हॅन पांढरी होती, तिच्यावर हे दिसलं नाही. ही गडद आहे.

साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतही रात्रभर काजळी पडते. वारा फिरेल तशी कधी कमी, कधी गच्चीवरचे कपडे परत धुवावे लागतील इतकी. कुठे ऊस पेटवून तोडलेला असतो, कुठे पाचट जळत असतं, कुठे बॉयलरमध्ये चिपाड. बोटांत चोळली की आधी मेणचट लागते आणि मग कचकचते. तो कचकच आवाज म्हणजेच हे ओरखडे.

अप्पांना आज काही बोलले नाही. ते चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळदीची अडत करतात. वस्तूची निगा कशी राखायची हे या घराला त्यांनीच शिकवलं. ज्या मायेनं ते गाडी पुसतात तीच नडली, हे तोंडानं सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बॉनेटवरची काजळी कागदाच्या पुडीत घेऊन मिरजेला कॉलेजात गेले. मधल्या सुट्टीत जीवशास्त्राच्या मॅडमकडून सूक्ष्मदर्शक मागितला. काळ्या भागात चिपाडाचे जळके धागे, नळ्यांसारखे, बोट लावलं तर भुगा होणारे. त्यांच्यात मात्र पारदर्शक, कोपरे असलेले कण. ऊस जमिनीतून सिलिका ओढतो आणि पानात, सालीत साठवतो. पान जळून जातं, सिलिका राखेत राहते. शिवाय उसाला चिकटून आलेली माती आणि वाळूही त्यात असतेच. भिंगातून मोबाईलवर फोटो काढला.

संध्याकाळी अप्पांना दाखवला. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"ही तर काच हाय की गं."

"काचेसारखीच आहे अप्पा. कोरडा फडका फिरवला की ही रंगावरून ओढली जाते."

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे रोज सकाळी मीच..." वाक्य पुरं केलं नाही. मी म्हटलं, रंग अजून शाबूत आहे, वरचा पारदर्शक थर तेवढा ओरखडलाय, तो काढता येतो. आणि काढताना मला तुमची मदत लागणार आहे. हे त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलेलं नाही. एकटीच्यानं होणारं काम नाही हे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पॉलिश करण्याआधी रंगाची जाडी मोजायला हवी. नवरा कुपवाड एमआयडीसीत आहे. तिथल्या त्याच्या मित्राच्या पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये जाडी मोजायचं यंत्र आहे. तिथं सगळे त्याला एल्कोमीटरच म्हणतात. एका दिवसासाठी आणलं.

बॉनेट ११० ते ११८ मायक्रॉन, छप्पर १०५, उजवे दरवाजे ११५ च्या आसपास. डाव्या मागच्या दरवाज्यावर २३०. तिथं मागच्या वर्षी टमटम घासली होती, तो दरवाजा रंगवून घेतलाय, त्यामुळे थर जाड. बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर हे यंत्र आकडा देत नाही. कारखान्यातून येणाऱ्या रंगात तळाला गंजरोधक थर, मग प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्यातलाच एक-दोन मायक्रॉन काढून ओरखडे मिटवायचे. आकडे वहीत पॅनलवार उतरवून ठेवले.

पाण्याचाही टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, पाहिला. आमच्या बोअरचं १,१४०. नळाचं कृष्णेचं पाणी २३०. आरओचं ५५. कडक उन्हात बोअरच्या पाण्यानं गाडी धुवून ती तशीच वाळवली तर क्षारांचे गोल डाग राहतात, आणि आमच्या काचांवर ते आहेतच. मिरज, पलूस, वाळवा भागात क्षारपड जमिनीचं दुखणं कुणाला सांगायला नको. तेच क्षार बोअरमधून गाडीवर येतात. ठरलं: धुवायला नळाचं पाणी, शेवटी हातपंपाच्या फवाऱ्यानं दहा लिटर आरओ. आणि आरओमधून जे पाणी बाहेर पडतं ते गाडीला अजिबात वापरायचं नाही, त्यात क्षार उलट जास्त असतात.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिली नीट धुलाई. सकाळी सातला सुरू केली, पत्रा गार असताना.

अप्पांचा पहिला प्रश्न, "बॅटरीच्या गाडीवर एवढं पाणी मारलेलं चालतं का?" रास्त प्रश्न आहे. गाडी धुणारा पोरगाही तेच विचारायचा आणि भीतीनं खालचा भाग सोडून द्यायचा. या गाडीची बॅटरी आयपी ६७ दर्जाची आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाणार नाही अशी चाचणी. धुण्याच्या पाण्यानं तिला काही होत नाही. जपायचं ते वेगळ्याच जागी. चार्जिंग चालू असताना धुवायचं नाही. चार्जिंगच्या झाकणावर प्रेशरची धार रोखायची नाही. आणि बॉनेट उघडून आत पाणी मारायचं नाही. आतल्या नारिंगी केबल उच्च विद्युतदाबाच्या असतात, तिथं फक्त ओलसर कापड, तेही गाडी बंद ठेवून आणि केबलला हात न लावता.

क्रम असा ठेवला. आधी नुसतं पाणी, वरून खाली, दहा मिनिटं. हात लावायचा नाही. मग फोम, पाच मिनिटं राहू दिला, सुकू मात्र दिला नाही. फोम खाली उतरताना काळा होत गेला. अप्पा दारातल्या फरशीवर वाहणाऱ्या त्या पाण्याकडे बघत उभे होते. हे सगळं रोज फडक्याखाली होतं, हे मी बोलले नाही, त्यांनीच म्हटलं.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं, दोन्हींच्या तळाला जाळी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पट्टा सरळ रेषेत धुवायचा, मग साध्या पाण्यात जाळीवर घासून झटकायचा आणि पुन्हा शाम्पूत. गोल गोल हात फिरवायचा नाही. चाकांना वेगळा मोजा. भांड्यांची पावडर, डिटर्जंट काही नाही. पीएच सात असलेला शाम्पू.

काम संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीत तळाला बोटभर काळा गाळ होता. हात घातला की कचकच. अप्पांनी तो चिमटीत घेऊन पाहिला, हळद पारखतात तसा.

पुसायला मोठा टॉवेल नुसता अंथरून हळूच ओढायचा, घासायचं नाही. शेवटी गाडी बाहेर काढून चक्कर. इलेक्ट्रिक गाडीत हे काम विसरायचं नाही. रीजनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच गाडी रोखून बॅटरी भरते त्यामुळे, ब्रेकच्या डिस्क क्वचितच वापरात येतात, धुवून तशीच लावली की त्यांच्यावर गंजाचा तांबूस पापुद्रा चढतो. रीजन शून्यावर ठेवून मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा वेळा हळूहळू ब्रेक दाबले, डिस्क कोरड्या झाल्या. याच रीजनचा एक फायदाही आहे: अलॉयच्या चाकांवर ब्रेकची काळी भुकटी जवळजवळ नाहीच.

रविवार, १६ फेब्रुवारी

धुवून स्वच्छ झालेल्या दारावर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवला. सँडपेपरसारखं लागलं. नजरेला न दिसणारे कण रंगात रुतलेले.

लोखंड काढायचा फवारा मारला. तीन मिनिटांत मागच्या बाजूला जांभळे ओघळ उतरले. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी जुळलं की जांभळा रंग येतो, वर्गात दाखवावी अशी प्रतिक्रिया. वास मात्र सडक्या अंड्याचा, सगळी गल्ली दारात आली. हे लोखंड कुपवाडचं. नवरा गाडी लावतो त्याच्या भिंतीपलीकडे दिवसभर ग्राइंडिंग चालतं, उडालेले तापलेले कण रंगावर बसतात आणि तिथंच गंजतात. आता तो गाडी दुसऱ्या टोकाला लावेल.

मग क्ले, रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी. शाम्पूच्या पाण्यानं पत्रा निसरडा ठेवून क्लेचा गोळा हलक्या हातानं सरळ फिरवायचा. छपरावर आधी खरखर आवाज यायचा, मग एकदम बंद. तो आवाज थांबला की तेवढा भाग झाला. गोळा खाली पडला तर टाकून द्यायचा. एकदा पडला, टाकला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बारावीची परीक्षा, रोज सुपरव्हिजन. गाडीला फक्त पाण्याचा फवारा. अप्पांचा फडका खुंटीवर आहे. ते सकाळी अंगणात येतात, गाडीभोवती एक फेरी मारतात आणि आत जातात. मला ते बघवत नाही. त्यांना लवकर काहीतरी काम दिलं पाहिजे.

रविवार, २३ फेब्रुवारी

पॉलिश.

ड्युअल ॲक्शन मशीन घेतलं. फिरता फिरता डोलतं, त्यामुळे एकाच जागी रंग तापवत नाही. नुसतं गरगर फिरणारं रोटरी मशीन गॅरेजवाल्यांच्या हातात ठीक, माझ्या हातात नको. कडा, रबर, लोगो सगळ्यांवर मास्किंग टेप. हे काम अप्पांकडे दिलं. हळदीच्या नमुन्याच्या पिशव्या शिवलेला हात, टेप कुठे अर्धा मिलिमीटर हलली नाही.

बॉनेटवर दोन फूट बाय दोन फूट चौकोन आखून आधी चाचणी. सगळ्यात सौम्य पॉलिश, मऊ पॅड. वाटाण्याएवढे चार थेंब, आधी मंद गतीनं पसरवायचं, मग वेग वाढवून उभे-आडवे चार फेरे, मशीन हातानं दाबायचं नाही, त्याच्या वजनावर चालू द्यायचं. पुसून टॉर्च मारली. जाळं निम्मं गेलं होतं. दुसऱ्यांदा केलं, आणि त्या चौकोनात रंग असा वर आला की मी मशीन बंद करून नुसती बघत राहिले. मोरपंखाच्या डोळ्यात असतो तोच निळा.

अप्पा वाकून म्हणाले, "आता ह्येच सगळीकडं."

सगळीकडे केलं, पण सगळं काढलं नाही. चार ओरखडे नखाला लागतात. ते मिटवायचे तर क्लिअर कोट बराच खरवडावा लागेल, आणि तो परत येत नाही. उन्हापासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. चार ओरखड्यांसाठी छप्पर पातळ करायची माझी तयारी नाही. नवऱ्याला ते खुपतात, त्याला मी वहीतले आकडे दाखवले. संध्याकाळपर्यंत बॉनेट, छप्पर आणि उजवी बाजू झाली. बॉनेट परत मोजलं, १०९ ते ११७. खांदे गेले होते.

बुधवार, २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी होती. उरलेली बाजू पूर्ण. मग पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पॉलिशचं तेल काढलं, नाहीतर वरचा थर धरत नाही.

वर काय लावायचं यावर घरात आठवडाभर चर्चा. सिरॅमिक कोटिंगची जाहिरात सगळीकडे "नाईन एच" म्हणून होते. हा एच म्हणजे पेन्सिलच्या कडकपणाची मोजपट्टी. नऊ एचच्या पेन्सिलनं ओरखडा उठत नाही एवढाच अर्थ. वाळू त्या पेन्सिलपेक्षा कितीतरी कठीण. तेव्हा कोटिंग करून वर कोरडा फडका मारला तर ओरखडे येणारच. कोटिंग वाईट नाही, पाणी आणि चिकट घाण त्यावर टिकत नाही आणि ते वर्षांच्या हिशेबात चालतं. पण लावल्यावर एक दिवस तरी धूळ आणि ओलावा नको. आमच्या पोर्चवर रात्री काजळी पडते. ओल्या कोटिंगवर ती बसली तर कायमची. म्हणून पॉलिमर सीलंट. चार-सहा महिने टिकेल, पण तासाभरात हाताला कोरडा होतो आणि घरी पुन्हा लावता येतो. कार्नोबा मेणाची चमक मला जास्त आवडते, पण मार्च-एप्रिलच्या सांगलीत ते किती आठवडे तग धरणार?

सीलंट अगदी पातळ, एका वेळी एक पॅनल. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, फक्त पुसायला त्रास होतो. रात्री गाडी शेजाऱ्यांच्या बंद शेडमध्ये ठेवली, त्यांचे आभार.

संरक्षक फिल्म फक्त तीन जागी: दरवाज्याच्या मुठीमागची वाटी, जिथं नखं लागतात, चढण्याच्या पट्ट्या, आणि मागच्या बंपरची वरची कड, जिथून अप्पांच्या नमुन्याच्या पिशव्या ओढल्या जातात. पूर्ण गाडीला फिल्मचा खर्च मला पटला नाही.

रविवार, २ मार्च

आतलं काम. केबिन फिल्टर काढला. एका बाजूनं काळा कुळकुळीत, आणि घड्यांमध्ये पिवळी रेघ. काजळी बाहेरची, हळद घरची. नवा घातला.

व्हॅक्यूम, मऊ ब्रश, एसीच्या जाळ्या. डॅशबोर्डला सिलिकॉनचं चकाकणारं पॉलिश लावत नाही. समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि घाटात उन्हाच्या वेळी ते धोक्याचं आहे. ओलसर मायक्रोफायबर पुरतो. टचस्क्रीनला अमोनियाचा काच-स्प्रे नाही, आरओच्या पाण्यात किंचित ओलं केलेलं कापड, स्क्रीन बंद करून. चकचकीत काळ्या प्लॅस्टिकलाही तेच, नाहीतर तिथंही जाळं. चार्जिंगच्या तोंडात कोरडा ब्रश आणि हातानं दाबायचा ब्लोअर, बस. तिथं कुठलाही तेलकट स्प्रे मारायचा नाही.

आता चुकीबद्दल. डाव्या पुढच्या सीटवर, बेज लेदरेटवर, तळहाताएवढा हळदीचा डाग होता. यंदाच्या नव्या हळदीची पुडी फुटली होती. सीटला हवा खेळायची भोकं आहेत, म्हणून फवारा थेट न मारता कापडावर क्लीनर घेतला आणि टिपला. क्षणात डाग पिवळ्याचा लालभडक झाला. पोरगी किंचाळली. मी रसायनशास्त्र शिकवते. हळदीचा कागद अल्कलीत लाल होतो हा प्रयोग दर वर्षी करून घेते. क्लीनर अल्कली आहे हे बाटलीवर लिहिलेलं होतं, आणि मी ते वाचलेलं होतं.

अप्पा शांतपणे म्हणाले, "कुंकू असंच तर करत्यात. हळदीला चुना." मग म्हणाले, "लिंबू आण."

पाण्यात चमचाभर लिंबाचा रस, कापडानं टिपला. लाल गेला, पिवळा परत आला. मग साध्या पाण्यानं टिपून आम्ल काढलं. डाग होता तिथंच आलो, पण घाबरणं संपलं. अल्कोहोलमध्ये हळदीचा रंग विरघळतो, पाण्यात नाही. सीटखालच्या लपलेल्या जागी पातळ अल्कोहोल लावून पाहिलं, लेदरेटला काही झालं नाही. डागावर टिपलं, निम्मा कापडावर आला. त्यापुढे घासले नाही. जास्त अल्कोहोलनं लेदरेटचा वरचा थर कोरडा पडून चिरतो.

सोमवार, ३ मार्च ते रविवार, ९ मार्च

पुढचं काम अप्पांनी सांगितलं. "नमुन्याची पुडी दुकानात उन्हाच्या तिरपीत राहिली की चार दिवसात फिकी पडती. गिऱ्हाईक म्हणतं माल जुना हाय. तुझी शीट उन्हात ठेव."

बरोबर आहे. हळदीतलं कर्क्युमिन निळा-जांभळा प्रकाश शोषतं आणि त्यानंच तुटतं. तो प्रकाश काचेतून आत येतोच. गाडी रोज दुपारी पूर्वेकडे पाठ करून, डावी बाजू उन्हाला. डाग सोडून बाकी सीट आणि डॅशबोर्डवर पांढरी चादर. काचा बोटभर खाली.

मंगळवारी कडा फिक्या. गुरुवारी साय धरल्यासारखा पिवळट. रविवारी मी पोरीला विचारलं डाग कुठे होता, तर तिनं चुकीच्या जागी बोट ठेवलं.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्या दिवशी अप्पांनी यार्डात पेढे वाटले होते. या आठवड्यात मला कळलं की हळद म्हणजे काय हे मी पुस्तकातून जेवढं शिकले, त्याहून जास्त त्यांनी रोज पुडी उघडून बघून शिकलंय.

मागच्या जागेत आता झाकणाचा प्लॅस्टिकचा क्रेट. पुड्या त्यातच.

बुधवार, १९ मार्च, रंगपंचमी

गाडी आतल्या बोळात. तरी कुणीतरी छपरावर गुलाबी पाणी टाकलंच. मागं न धावता आधी पाणी मारलं, थेंब गोळा होऊन सगळा रंग घेऊन खाली आले. डाग नाही. काजळीही आता कमी झालीय, हंगाम आटोपत आला.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

गाडीची पूजा. दर वर्षी अप्पा ओल्या बोटानं बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढतात. या वर्षी ते पेला घेऊन आले आणि आधी बॉनेटवर पाणी ओतलं. मोती घरंगळत गेले तसे दोनदा बघितले. मग समोरच्या काचेच्या कोपऱ्यात स्वस्तिक काढलं, म्हणाले काच पुसता येती. मी म्हटलं, अप्पा, बॉनेटवर काढा, त्यासाठीच तर एवढं केलं. त्यांनी काढलं. दुपारी पाण्यानं भिजवून पाच मिनिटांनी काढलं, खाली काही राहिलं नाही. साखरेच्या गाठींची माळ फक्त वायपरवर घालू दिली नाही, उन्हात पाघळून काचेवर चिकटते. ती गुढीलाच राहिली.

धुण्याच्या साध्या बादलीतली जाळी तुटली आहे, नवी आणायची. सीलंट दसऱ्याच्या आत परत. फिल्टर हंगाम सुरू होण्याआधी. जुन्या धोतराचा फडका अप्पांनी मागून नेला, दुकानातला तराजू पुसायला.